कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाईचा हक्क कसा जपाल

शिडी सरकते, प्रेस खाली येतो, स्लॅबचं सेंट्रिंग कोसळतं. जखमीला उचलून दवाखान्यात नेतात आणि बऱ्याचदा त्याच संध्याकाळी कुणीतरी कागद घेऊन खाटेपाशी येतं. "इथे सही कर, बाकी साहेब बघून घेतील." घरची माणसं घाबरलेली असतात, दवाखान्याच्या डिपॉझिटचा प्रश्न डोक्यावर असतो, आणि सही होऊन जाते.

नुकसानभरपाईचा दावा पुढे वर्षा-दीड वर्षाने उभा राहतो, तेव्हा वकील येतो, युक्तिवाद होतो. पण तो दावा टिकणार की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातल्या कागदांवरच ठरून गेलेलं असतं. म्हणून या लेखात कोर्टापेक्षा त्या पहिल्या दिवसांवर जास्त लिहिलं आहे.

तुम्हाला कोणता कायदा लागू होतो?

हे आधी ठरवा, कारण चुकीच्या दारात गेलं की महिने वाया जातात.

तुमच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, किंवा कायद्याने ती कापली जायला हवी असेल, तर तुमचा मार्ग कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजे ईएसआयसीकडे जातो. साधारणपणे दहा किंवा अधिक माणसं असलेली आस्थापना आणि २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन (अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००) असं याचं क्षेत्र आहे. तिथे उपचार मोफत मिळतात. काम बंद असलेल्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने रोख लाभ मिळतो आणि कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. ईएसआयचा हक्क असलेल्या माणसाला मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही.

इथे एक प्रकार वारंवार घडतो. कामगार दोन वर्षं राबतो, त्याची नोंदणी कधीच केलेली नसते, आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशी घाईघाईने ईएसआयमध्ये नाव चढवलं जातं. नोकरीला लागल्याची तारीखही अपघाताच्या आसपासची दाखवतात. तसं दिसलं तर खऱ्या तारखेचा पुरावा जोडून ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत नाही. महामंडळ लाभ देतं आणि तो मालकाकडून वसूल करू शकतं.

ईएसआय लागू नसेल तर नुकसानभरपाई थेट मालकाकडून. यासाठी १९२३ चा कायदा होता. पूर्वी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं, २००९ च्या दुरुस्तीने ते कर्मचारी भरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय त्या संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर दावा जुन्या कायद्याच्या हिशेबाने चालतो, नंतरचा असेल तर संहितेच्या. चौकट जवळपास तीच आहे. दाव्याचा निकाल देणारा अधिकारी म्हणून जुन्या कायद्यात 'आयुक्त' होते, संहितेत 'सक्षम प्राधिकारी' आहेत. सोयीसाठी मी पुढे आयुक्त असंच लिहितो. खालचे आकडे जुन्या कायद्यातले आहेत. संहितेत किमान रक्कम, वेतनमर्यादा आणि व्याजदर केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा आयुक्त कार्यालयातून विचारून घ्या.

कंत्राटी, रोजंदारीवरचा, आज आला उद्या गेला असा माणूसही या कायद्यात बसतो. बांधकाम, कारखाना, वाहन चालवणं, विजेचं काम, ट्रॅक्टर किंवा यंत्राने होणारी शेती ही कामं यादीत आहेत. नेमणूकपत्र नाही म्हणून हक्क नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

चूक कुणाची, हा प्रश्न इथे गैरलागू आहे

कामगाराला गप्प बसवण्यासाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं वाक्य म्हणजे "तुझीच चूक होती." माणूस मनातून खचतो आणि दावा करत नाही. कायदा मात्र चूक विचारतच नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का, एवढंच पाहतो. लक्ष गेलं, हात घसरला, घाई झाली, झोप आली, यातल्या कशानेही नुकसानभरपाईचा हक्क जात नाही.

मालकाला सुटका मिळते ती मोजक्या परिस्थितींत. इजेमुळे आलेली असमर्थता तीन दिवसांपेक्षा जास्त टिकली नाही. कामगार दारू किंवा नशेच्या अंमलाखाली होता. सुरक्षेसाठी घालून दिलेला स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला. किंवा यंत्राचं गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, त्याने मुद्दाम काढलं. यातली नशा, नियमभंग आणि गार्ड ही तीन कारणं मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर लागूच होत नाहीत. शिवाय 'जाणूनबुजून' हे मालकाने सिद्ध करायचं असतं. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनेच गार्ड काढायला लावलं असेल, तर ते कामगाराने मुद्दाम काढलं असं म्हणता येत नाही. असं झालं असेल तर पहिल्याच जबाबात ते सांगा. नंतर सुचलेली गोष्ट बनावट वाटते.

घरून कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचं काय? २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचं प्रकरण निकाली काढलं. तो पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता आणि कारखाना साधारण पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. वेळ, जागा, परिस्थिती आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर असा अपघातही कामाच्या ओघात झालेला मानायचा, असं न्यायालयाने म्हटलं. अपघात २००३ चा होता. संहितेत तर हे कलमातच घातलं आहे. त्यामुळे वाटेतला अपघात असेल तर पाळीची वेळ दाखवणारा कागद जपून ठेवा. तो संबंध त्याच्यावरच उभा राहतो.

पहिला दिवस: दवाखान्यात काय लिहिलं जातं

कॅज्युअल्टीमधला डॉक्टर विचारतो, "कसं लागलं?" उत्तर केसपेपरवर दोन ओळींत उतरतं आणि पुढे कोर्टात त्या दोन ओळींना फार वजन येतं. अडचण अशी की जखमी माणूस बऱ्याचदा अर्धवट शुद्धीत असतो आणि उत्तर देतो सोबत आलेला कंपनीचा माणूस. "घरी जिन्यावरून पडला", "गाडीवरून पडला" असं लिहून जातं.

म्हणून नातेवाइकांनी किंवा सहकाऱ्यांनी डॉक्टरसमोर स्पष्ट सांगावं: अमुक ठिकाणी, अमुक काम करताना, इतक्या वाजता लागलं. हे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणजे एमएलसी, म्हणून नोंदवा असा आग्रह धरा. एमएलसी झाली की पोलिसांना खबर जाते आणि सरकारी कागदावर तारीख पडते. खाजगी दवाखान्यात मालकाच्या ओळखीने नेलं असेल तर एमएलसी टाळायचा प्रयत्न होऊ शकतो. तेव्हा जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन खबर द्या आणि तिची प्रत मागा.

चुकीचं लिहिलं गेलंच असेल तर गप्प बसू नका. शुद्धीवर आल्यावर लगेच दवाखान्याच्या प्रमुखांना अर्ज द्या की नोंद माझ्या सांगण्यावरून झालेली नाही, खरा प्रकार असा आहे. मूळ नोंद कुणी खोडणार नाही, पण तुमचा अर्ज फाइलला लागतो आणि तारखेसकट लागतो. केसपेपर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणं, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मागा. वैद्यकीय व्यवसायाच्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात.

बिलं मूळ स्वरूपात स्वतःकडे ठेवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा आहे आणि तो नुकसानभरपाईच्या वर, वेगळा आहे. "दवाखान्याचे दोन लाख आम्ही भरले, आता आणखी कसले पैसे?" हे कायद्यात बसत नाही. उपचारासाठी मालकाने दिलेली रक्कम नुकसानभरपाई म्हणून धरलीच जात नाही.

आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. छापील फॉर्म असेल तर वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या, फोटो काढा, मगच विचार करा. सही आधीच घेतली गेली असेल तर दोन-चार दिवसांतच मालकाला लेखी कळवा की अमुक तारखेला, उपचार चालू असताना, माझ्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली, तिचा कोणताही वापर मला मान्य नाही. हे पत्र वेळेवर गेलेलं असेल तर ती सही पुढे दाव्याच्या आड येणं अवघड होतं.

मालकाला लेखी कळवा

"साहेबांना माहीतच आहे की" असं म्हणून नोटीस न देणारे फार असतात. कायदा सांगतो, शक्य तितक्या लवकर नोटीस द्या. मालकाला अपघाताची माहिती होती हे सिद्ध झालं तर नोटिशीअभावी दावा फेटाळला जात नाही, हे खरं. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा एक पान लिहिणं सोपं. भाषा साधी असू द्या:

*मी आपल्या कारखान्यात मार्च २०२१ पासून प्रेस ऑपरेटर म्हणून काम करतो. माझे वय ३५, मासिक वेतन १४,००० रुपये. दिनांक अमुक रोजी दुसऱ्या पाळीत, दुपारी सुमारे ३ वाजून १० मिनिटांनी, प्रेस क्रमांक ४ वर काम करत असताना प्रेस अचानक पुन्हा खाली आला आणि माझ्या उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट तुटले. त्या वेळी सुपरवायझर अमुक आणि सहकारी अमुक हजर होते. मला अमुक रुग्णालयात दाखल करण्यात आले. ही अपघाताची नोटीस समजावी. उपचाराचा खर्च आणि कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई मुदतीत द्यावी.*

यात राग नाही, आरोप नाही, धमकी नाही. नाव, जागा, वेळ, यंत्र, इजा, साक्षीदार, वेतन आणि वय एवढं आहे. हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती सांभाळा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा. ते बंद पाकीट पुढे आयुक्तांसमोर दाखल करायचं असतं. सोबत व्हॉट्सअॅपवर फोटोही पाठवा. त्यावर सुपरवायझरने "बघतो" एवढं जरी लिहिलं, तरी माहिती मिळाल्याचा तो पुरावा आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

कंत्राटदाराकडे काम करत असाल तर नोटीस दोघांना द्या: कंत्राटदाराला आणि ज्याच्या आवारात, ज्याच्या धंद्यासाठी काम चालू होतं त्या मुख्य मालकाला. मुख्य मालकाने आधी पैसे द्यायचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचे, अशी कायद्याची रचना आहे. बांधकामाच्या साइटवर मुकादम फोन बंद करून गावी निघून जातो. बिल्डर मात्र तिथेच असतो.

नोकरी, पगार आणि वय: तीन गोष्टींचा पुरावा

"हा आमच्याकडे कामालाच नव्हता." मालकाचा हा बचाव इतका सर्रास येतो की तो येणारच असं धरून चाला. पगार रोखीने, मस्टरवर नाव नाही, मग पुरावा कुठून आणायचा?

गेट पास, ओळखपत्र, हेल्मेटवरचं कंपनीचं नाव, पाळीचं वेळापत्रक, कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधले मेसेज, मुकादमाने यूपीआयने पाठवलेली उचल, साइटवर काढलेले फोटो, जवळच्या टपरीवरचा माणूस, खोलीचा मालक. हे सगळं चालतं. आयुक्तांसमोरची चौकशी दिवाणी दाव्याइतकी ताठर नसते. सहकाऱ्यांची नावं, त्यांचे गावाकडचे पत्ते आणि फोन नंबर पहिल्या आठवड्यातच लिहून घ्या. सहा महिन्यांनी अर्धे जण दुसऱ्या शहरात गेलेले असतात आणि उरलेल्यांना नोकरी टिकवायची असते. त्यांना दोष देता येत नाही, पण साक्षीदार मात्र कमी होतो.

कारखान्यातला गंभीर अपघात असेल तर मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं आणि तिथला अधिकारी चौकशी करू शकतो. त्या चौकशीची प्रत माहिती अधिकारात मागता येते. यंत्राला गार्ड नव्हतं, सेन्सर बंद होता असं त्या अहवालात असेल तर तो सोन्यासारखा कागद आहे. मालकाने कळवलंच नसेल तर तुम्ही तक्रार द्या.

पगार कागदावर कमी आणि हातात जास्त, हा दुसरा घोळ. नुकसानभरपाईचा सगळा हिशेब वेतनावर चालतो, त्यामुळे बँकेचा उतारा, यूपीआयची नोंद, सहकाऱ्यांचा पगार हे सगळं गोळा करा. काहीच नसेल तर निदान त्या उद्योगाला लागू असलेलं किमान वेतन आधाराला धरता येतं.

वयाच्या पुराव्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आधार कार्डावर १ जानेवारी अशी अंदाजे तारीख असते, शाळेच्या दाखल्यावर वेगळी. वय जितकं कमी, तितकी नुकसानभरपाई जास्त. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद काढून ठेवा.

रक्कम कशी काढतात

हा हिशेब प्रत्येक कामगाराला स्वतः करता यायला हवा. म्हणजे समोर ठेवलेली रक्कम योग्य आहे की फसवणूक आहे, हे लगेच कळतं.

वेतन, टक्केवारी आणि वयाचा गुणक असे तीन आकडे लागतात. गुणक कायद्याच्या परिशिष्टात दिलेला आहे: वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९. हिशेबासाठी धरायच्या मासिक वेतनाला मर्यादा आहे. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये होती.

कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर वेतनाचे ६० टक्के गुणिले गुणक, किमान १,४०,०००. मृत्यू झाला तर वेतनाचे ५० टक्के गुणिले गुणक, किमान १,२०,०००. अंशतः अपंगत्व असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेतला त्या इजेच्या टक्केवारीइतका भाग. टक्केवारीची यादी ठरलेली आहे: अंगठा ३०, तर्जनी पूर्ण १४, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चार बोटं ५०, एक डोळा गमावला आणि दुसरा चांगला असेल तर ४०.

वरच्या पत्रातला प्रेस ऑपरेटर घ्या. वय ३५, वेतन १४,०००. वेतनाचे ६० टक्के ८,४००. त्याला १९७.०६ ने गुणलं की १६,५५,३०४. दोन बोटांचे २० टक्के, म्हणजे ३,३१,०६१ रुपये. त्याला पन्नास हजारांचं पाकीट देऊन "खूश राहा" म्हटलं जात असेल, तर फरक किती आहे ते समोर आहे.

पण २० टक्क्यांवर थांबायचं का, हा खरा प्रश्न आहे. कायदा शरीराच्या नुकसानीपेक्षा कमाईच्या ताकदीकडे पाहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या चार न्यायमूर्तींच्या निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. यादीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व. न्यायालयाने म्हटलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच आहे. तुमच्या इजेमुळे तुम्ही आधी करत होता ते काम कायमचं बंद झालं असेल, तर हा मुद्दा अर्जात ठळकपणे मांडा.

यादीत नसलेली इजा, जसं की मणका, पायाचं हाड, डोक्याला मार, असेल तर कमाईक्षमता किती घटली हे पात्र डॉक्टरने सांगायचं असतं. इथे गोंधळ होतो. जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी सांगतं. आयुक्तांना हवी असते कमाईक्षमतेतली घट. पाय ३० टक्के अधू झालेल्या कारकुनाची आणि हमालाची घट सारखी नसते. डॉक्टरला तुमचं नेमकं काम समजावून सांगा: किती वजन उचलता, किती वेळ उभं राहावं लागतं, उंचावर चढावं लागतं का. शक्य असेल तर असा डॉक्टर निवडा जो साक्ष द्यायला येईल. नुसतं प्रमाणपत्र दाखल केलं आणि डॉक्टर आलाच नाही, तर विरुद्ध पक्ष त्यावर हरकत घेतो.

तात्पुरतं काम बंद असेल तर दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. १४,००० वेतनाला पंधरवड्याचे ३,५००, जास्तीत जास्त पाच वर्षं. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने गेलेलं ऐकू येणं असे धंद्यामुळे होणारे आजारही अपघातासारखेच धरले जातात. त्यात धुळीत किंवा आवाजात किती वर्षं काम केलं याचा पुरावा महत्त्वाचा.

मालकाचा डॉक्टर, विम्याचा माणूस

नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालक स्वतःच्या खर्चाने तुमची वैद्यकीय तपासणी करून घेऊ शकतो. त्याला नकार देऊ नका. विनाकारण नकार दिला तर तेवढ्या काळापुरता हक्क स्थगित होतो. ही संधी न देता गावी निघून गेलात तरी तेच. तपासणीला सोबत माणूस न्या, तारीख आणि डॉक्टरचं नाव लिहून ठेवा, आणि स्वतःच्या डॉक्टरचे कागद वेगळे तयार ठेवा.

मालकाची विमा पॉलिसी असेल तर कंपनीचा तपासनीस घरी येतो, गोड बोलतो, जबाब लिहून घेतो. जबाब द्यायला हरकत नाही, पण वाचल्याशिवाय सही नको आणि प्रत घेतल्याशिवाय त्याला सोडू नका. अर्जात विमा कंपनीलाही पक्षकार करा. पैसे वसूल होण्याची खात्री वाढते.

वाहनावर काम करताना अपघात झाला असेल, उदाहरणार्थ ट्रकचा चालक किंवा क्लीनर, तर दोन वाटा असतात: हा कायदा किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. दोन्हींपैकी एकच निवडता येते. इथे चूक सिद्ध करावी लागत नाही, तिथे रक्कम मोठी मिळू शकते पण समोरच्या वाहनाची चूक बऱ्याचदा दाखवावी लागते. चालकाची स्वतःचीच चूक असेल तर आयुक्तांकडे जाणं शहाणपणाचं. ही निवड वकिलाशी बोलूनच करा, कारण एकदा केली की मागे फिरता येत नाही.

समझोता करायचा असेल तर

घर चालवायचं असतं, त्यामुळे समझोता करणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही. पण तो आयुक्तांकडे नोंदवा. मालक आणि कामगार यांच्यात एकरकमी रक्कम ठरली तर त्याचा करारनामा आयुक्तांकडे जायला हवा. रक्कम अपुरी आहे, दबावाने घेतली आहे असं वाटलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न केलेल्या करारावर मालकाला भिस्त ठेवता येत नाही. उलट त्याला पूर्ण नुकसानभरपाई द्यावी लागू शकते आणि आधी दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त वजावट त्यातून मिळत नाही.

"यापुढे माझी काही मागणी नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं असेल तरी घाबरू नका. कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो, नोटरी केलेला असला तरी.

अर्ज कुठे आणि कधी

अपघातापासून दोन वर्षांच्या आत, मृत्यू असेल तर मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते. उपचार चालू होते, मालक आश्वासनं देत होता, हक्कच माहीत नव्हता, अशी कारणं मांडता येतात. २०१७ च्या दुरुस्तीने कामावर घेतानाच या हक्काची लेखी माहिती देणं मालकावर बंधनकारक केलं होतं. ती दिली नसेल तर हेही नमूद करा.

अर्ज अपघात झाला त्या भागात करता येतो, तसाच तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. चाकणला बोट तुटलेल्या लातूरच्या माणसाला दर तारखेला पुण्याला जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून हे काम पाहत आले आहेत, तेव्हा आधी कामगार न्यायालयात चौकशी करा. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्यांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. दवाखान्याच्या दारात भेटून "मिळतील त्यातले तीस टक्के द्या" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. निकालाच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मना आहे.

अर्जात व्याज आणि दंड स्पष्टपणे मागा. नुकसानभरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीवर पडू शकतं, दंड मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा. मागितलंच नाही तर हा भाग विसरला जाण्याची भीती असते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि तेवढ्या वर्षांचं व्याज लहान नसतं.

माणूस गेला असेल तर

मृत्यूची नुकसानभरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. वारसाच्या हातात थेट दिलेली रक्कम नुकसानभरपाई म्हणून धरत नाहीत, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल तेवढी वळती करता येते. याचं कारण समजण्यासारखं आहे: दुःखात बुडालेल्या बाईच्या हातात पाकीट ठेवून दिराची सही घेऊन प्रकरण मिटवलं जाऊ नये. विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई यांना अवलंबून असल्याचं वेगळं सिद्ध करावं लागत नाही. रक्कम कुणाला किती, हे आयुक्त ठरवतात. लहान मुलांचा वाटा त्यांच्या नावे गुंतवून ठेवायला सांगता येतं. सासर-माहेरचा वाद असेल तर बाईने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, दुसऱ्याच्या अर्जात नाव घालून घेण्यावर विसंबू नये. शवविच्छेदनाचा अहवाल, पंचनामा आणि मृत्यू दाखला हे तीन कागद पोलीस ठाण्यातून आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून लवकर काढून घ्या.

आदेश झाल्यावर

मालकाने आदेशाप्रमाणे पैसे भरले नाहीत तर आयुक्त वसुलीचा दाखला देतात आणि जिल्हाधिकारी कार्यालय जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतं. दाखला मिळाल्यावर तहसील कार्यालयात फाइल पडून राहू नये म्हणून पाठपुरावा करा. मालकाची जागा, यंत्रं, बँक खातं यांची माहिती स्वतः लेखी पुरवली तर काम पुढे सरकतं. नुकसानभरपाईची ही रक्कम सावकार किंवा बँक कर्जापोटी जप्त करू शकत नाही, आणि ती दुसऱ्याच्या नावे लिहूनही देता येत नाही.

मालक किंवा विमा कंपनी ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करू शकते, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मालकाला त्यासाठी आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. अपील दाखल झाल्याचं कळलं की तुमच्या वकिलाला जमा रकमेतला काही भाग काढण्याचा अर्ज लगेच करायला सांगा. उपचार, मुलांचं शिक्षण, घरभाडं यांचे कागद जोडले तर न्यायालय बऱ्याचदा काही रक्कम काढू देतं, आणि अपील चालू असेपर्यंत घर त्यावर चालतं.